माढा ते दुधनी, विमानाने

माझ्या आईचं माहेर दुधनी आणि बाबांचं गाव माढा. आम्ही राहायचो सोलापुरात, नवी पेठेत, एका साडीच्या दुकानाच्या डोक्यावर. म्हणजे नकाशात पाहिलं तर जवळजवळ मध्ये. एका हाताला गाव, दुसऱ्या हाताला आजोळ, आणि दोन्हीकडे जायला एकच रेल्वे. माढ्याच्या स्टेशनातून निघालेला रूळ सोलापूर ओलांडून दुधनीच्या स्टेशनात जातो. तरीही माझ्या लहानपणी ही दोन गावं एकमेकांपासून इतकी लांब होती की एका गावचा माणूस दुसऱ्या गावाला गेलेला मी कधी पाहिला नाही. माढ्याचे तात्या, म्हणजे बाबांचे वडील, दुधनीचं नाव निघालं की टोपी काढून डोकं खाजवत आणि म्हणत, "लई लांब हाय." दुधनीचे अज्जा, म्हणजे आईचे वडील, माढ्याचं नाव निघालं की म्हणत, "भाळ दूर अद." कानडीत त्याचा अर्थ अगदी तोच. आयुष्यात या दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट, आणि तीही दोन भाषांत.

अंतर हा फार सभ्य शब्द आहे. आई लिंगायत, घरात कानडी बोलणारी, अडत दुकानदाराची मुलगी. बाबा मराठा, शेतकऱ्याचे, कॉलेजात तिच्या मागच्या बाकावर बसणारे. दोघांनी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत कोणी जातीचं नाव काढलं नाही. आमचे लोक सुधारलेले. त्यांनी फक्त टाइमटेबल पाहिलं आणि गाडी सोयीची नाही असं ठरवलं. माढ्याच्या लोकांनी काही महिन्यांनी सून पदरात घेतली, कारण शेतातल्या कामाला हात लागतात आणि हाताला भाषा नसते. दुधनीची गाडी मात्र लागलीच नाही. अव्वा, म्हणजे आईची आई, वर्षातून तीनदा सोलापूरला डोळे दाखवायला यायची. तिला सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवता यायचा, पण डोळ्यांची तिला फार काळजी. दवाखान्याचा रस्ता आमच्या स्वयंपाकघरातून जायचा आणि तिथेच संपायचा. अज्जांना हे ठाऊक होतं का? सतरा वर्षं बायकोचे डोळे तपासून घेणाऱ्या माणसाला एकदाही चष्म्याचा नंबर विचारावासा वाटला नाही, यावरून काय ते समजावं.

आमचं घर दोन खोल्यांचं आणि एका गॅलरीचं. खाली दुकानात बाबा विक्रीला होते. दिवसभर इरकली साड्यांचे पदर गिऱ्हाइकापुढे उलगडायचे आणि संध्याकाळी न विकलेल्यांच्या घड्या घालायच्या. वर आई त्याच साड्यांना फॉल-बिडिंग करायची. सकाळी शटर वर जाण्याचा खडखडाट झाला की आमचा दिवस सुरू होई, मग रिक्षांचे हॉर्न, पलीकडच्या भांडेवाल्याची ठोकाठोक, आणि या सगळ्यावर आईच्या मशीनचा आवाज. ती माझ्याशी कानडीत बोलायची, बाबांशी मराठीत, आणि रागावली की कोणाशीच नाही. स्वयंपाकात मात्र राष्ट्रीय एकात्मता होती. दुधनीची कडक भाकरी आणि पुंडी पल्ले, म्हणजे अंबाडीची भाजी, त्याच ताटात माढ्याचं हुलग्याचं माडगं. मटणाला घरात प्रवेश नव्हता. ते बाबा रविवारी गॅलरीत स्टोव्हवर शिजवायचे, वेगळ्या पातेल्यात, आणि गॅलरीतच उकिडवे बसून खायचे. मी अर्धी उंबऱ्याच्या आत, अर्धी बाहेर बसून खायचे. माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की माझ्या वयाच्या माणसाने आठवणी लिहू नयेत, अजून काही घडायचं असतं. पण ज्याने बालपणी उंबऱ्यावर बसून मटण खाल्लं, त्याच्या आयुष्यात बरंचसं घडून गेलेलं असतं.

मी बारावीत असताना बाबांनी मला नेट असलेला फोन घेऊन दिला. अभ्यासाला. सगळ्या सोलापुरातले फोन त्या काळात अभ्यासालाच घेतले जात. एकदा जेवताना मी त्यात सहज माढा ते दुधनी किती अंतर ते टाकलं. एक वेबसाइट उघडली. तिने मला विमानाने जाण्याचा वेळ सांगितला. नऊ मिनिटं. माढ्यात विमान उतरायला जागा नाही आणि दुधनीत उतरलंच तर तुरीच्या पोत्यांवर उतरेल, ही क्षुल्लक बाब वेबसाइटने मनावर घेतली नव्हती. खाली पुढे लिहिलं होतं, माढ्याहून जवळचा विमानतळ सोलापूर. दुधनीहून जवळचा विमानतळ सोलापूर. म्हणजे सोलापुरात बसायचं आणि सोलापुरात उतरायचं. त्या वेळी सोलापूरच्या विमानतळाला भिंत होती, फाटक होतं, पाटी होती. प्रवासी विमान तेवढं नव्हतं. आता उडतं म्हणतात. मी अजून बसलेली नाही.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, "तिकीट किती?" आई म्हणाली, "नऊ मिनिटांत चहासुद्धा होत नाही," आणि उठून भांडी घासायला गेली. ती चौकटीशी थांबली आणि चौकटीला धरून उभी राहिली, एवढं माझ्या लक्षात आहे. मला वाटलं, रडते आहे. ती रडत नव्हती. तिला दम लागला होता.

त्या उन्हाळ्यात तिला जिना चढवेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलावी लागेल. आई म्हणाली, "आमच्या घरातली सगळीच दारं एक तर मिटत नाहीत, नाही तर उघडत नाहीत." डॉक्टर तरुण होता. हसावं की नाही हे त्याला कळलं नाही. ऑपरेशनचा दिवस ठरला तेव्हा आईने फक्त एक गोष्ट मागितली. "दुधनीला कळवा. अव्वाला नाही, तिला मी सांगितलंय. त्यांना."

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांना फोन लावला. मी शेजारी उभी होते. बाबा मान खाली घालून बोलत होते, जणू ते फोनमधून दिसतात. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून तीन शब्द आले आणि फोन बंद झाला. भाळ दूर अद. बाबांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "आईला सांग, लागला नाही फोन."

तात्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीने माढ्याहून आले होते. कॉटवर बसून चहा पीत त्यांनी हे सगळं ऐकलं. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. कप खाली ठेवून ते मला म्हणाले, "पोरी, तुला कानडी येती न्हवं?"

"येते."

"चप्पल घाल. दुदनीला जाऊन येऊ."

बाबा म्हणाले, "तात्या, तुम्ही कशाला? तमाशा होईल तिथं."

"व्हऊ दे. बिनतिकटाचा असतो." तात्यांनी टोपी चढवली. "लई लांब हाय म्हनत्यात. किती लांब हाय ते तरी बघून येतो."

पॅसेंजर गाडी रिकामी होती. तात्या खिडकीशी बसले आणि बाहेर बघून शेतांना नावं ठेवत राहिले. ऊस नाही, पाट नाही, नुसती तूर आणि काळी ढेकळं. ही काय जमीन म्हणायची? मी त्यांना नऊ मिनिटांचं सांगितलं. ते थोडा विचार करून म्हणाले, "इमानात इचार करायला येळ न्हाय मिळायचा." त्यानंतर दुधनी येईपर्यंत ते गप्प होते. तात्या गप्प बसलेले मी तेव्हा प्रथमच पाहत होते. मला वाटलं, भांडणाची तयारी चालली असेल.

अज्जांचं अडत दुकान स्टेशनापासून फार लांब नव्हतं. त्यांच्या शब्दकोशात असेल कदाचित. ओसरीभर तुरीची पोती, दारात मोठा काटा, आणि गादीवर कपाळाला विभूती लावलेला, माझ्या आईचं नाक असलेला एक म्हातारा. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, पण ते नाक मी रोज पाहायचे. ते एका बार्शीच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करत होते, अस्सल मराठीत, चांगल्या तिखट मराठीत. आम्हाला पाहताच त्यांना मराठी येईनासं झालं. व्यापाऱ्याला हाताने जायला सांगून त्यांनी आधी तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मी वाकून नमस्कार केला. ते कानडीत म्हणाले, "यव्वा, यांना विचार, काय पाहिजे." यव्वा म्हणजे बाळ, पोरी. पहिल्या भेटीत आजोबांकडून मला मिळालं ते हे काम.

मी तात्यांकडे वळून सांगितलं, "ते विचारतायत, काय पाहिजे."

"सांग, मी तूर घ्यायला आलो न्हाय."

हे वाक्य अज्जांनी ऐकलं, समजलं आणि माझ्या तोंडून कानडीत परत येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत वाट पाहिली. असं बराच वेळ चाललं. तात्यांनी सांगितलं, उद्या तुमच्या लेकीचं काळीज उघडणार आहेत. मी ते कानडीत सांगितलं. अज्जा म्हणाले, जावयाने कळवलंय. मी ते मराठीत सांगितलं. तात्यांनी विचारलं, मग येणार का? माझा कानडी शब्द फुटायच्या आत अज्जांनी उत्तर दिलं, भाळ दूर अद. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण जरा घाई केली, आणि ते पुन्हा भिंतीकडे बघू लागले. दोन गावांमधला दुभाषी होण्यात मोठा मान असतो असं ऐकलं होतं. मी माझी मलाच काट्याच्या मधल्या सळईसारखी वाटत होते, दोन्ही पारड्यांत काय आहे ते दोन्हीकडच्यांना दिसतंय आणि तरी सगळे सळईकडे बघतायत.

"ह्ये बघा," तात्या आता मला वगळून थेट म्हणाले, "सकाळी बसलो, आन चहाची तलफ यायच्या आत पोचलो. कुटं लांब हाय?"

अज्जांनी मान वळवली. आणि मराठीत बोलले. "तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत किती लांब आहे, ते मला सांगू नका. मी आलतो की ते अंतर चालून."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"ही झाली तेव्हा," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "पाळणा घेऊन आलतो माढ्याला. सागवानी. इथं सुताराकडून करून घेतला. गाडीत लोक हसत होते, म्हातारा पाळणा मांडीवर घेऊन बसलाय म्हणून. स्टेशनापासून खांद्यावर आणला. तुम्ही दारातच बसलावता. काय म्हणालात ते आठवतं का?"

तात्यांनी टोपी काढली. डोकं खाजवलं नाही. टोपी नुसती हातात धरून बसले. "म्हनालो, लई लांबनं आलाय. परत जायला उशीर व्हईल."

"पाणी विचारलं का?"

"न्हाय."

बाहेर एक टेम्पो पाठीमागे घेत कोणीतरी 'आने दो, आने दो' करत होतं. मी जन्मले तेव्हा आई माढ्यात बाळंत झाली होती, आतल्या खोलीत होती, तिला यातलं काही कळलं नव्हतं. बाबांनाही नाही. आमच्या घरात इतकी वर्षं अज्जांचा हट्ट म्हणून जे सांगितलं जायचं, त्याचं दुसरं टोक माझ्या शेजारी बसलं होतं आणि मी ते तात्यांनी दर खेपेला माढ्याहून आणलेल्या लाडूंसह वर्षानुवर्षं गोड मानत आले होते.

"म्हनून दत्ताला न्हाय पाठवलं," तात्या म्हणाले. दत्ता म्हणजे माझे बाबा. "त्यानं तुमचं काय वाकडं केलं? पोरीवर जीव लावला, येवढंच. त्ये बोलनं माजं व्हतं. परत घ्यायचं तर मीच याय पायजे. आता तुमीबी तसंच म्हना मला, मी ऐकून घेतो. शिव्या द्या. कानडीत द्या, ही सांगंल मला. पर तुमी चला. उद्या टेबलावर झोपताना तिला बाप दिसाय पायजे."

अज्जा उठले. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून कानडीत पाणी मागितलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अव्वा पडदा सारून बाहेर आली, हातात तांब्या आणि गुळाची वाटी. ती कितीतरी वेळ पडद्यामागे उभी असणार. तिने पाणी आधी तात्यांना दिलं. तात्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि थांबून थांबून प्यायले, औषध पितात तसं.

"पाळण्याचं काय झालं?" मी विचारलं. मला ते विचारल्याशिवाय राहवेना, शेवटी तो माझा होता.

"स्टेशनवर एक बाई होती, कडेवर पोर घेऊन," अज्जा म्हणाले. "तिला दिला." मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, खुंटीवरचा कोट काढला आणि अव्वाला म्हणाले की तुझे डोळे दाखवायचे असतील तर तूही चल.

परतीच्या गाडीत दोघे म्हातारे समोरासमोर बसले नाहीत. एवढी सुधारणा एका दिवसात होत नसते. तात्या एका खिडकीशी, अज्जा दुसऱ्या, आणि मधल्या बाकांवर मी, अव्वा आणि तिची कापडी पिशवी. अज्जा बाहेर पाहत कानडीत मला म्हणाले की माढ्याकडे उसाला पाणी देऊन देऊन जमीन खारवली, असं ऐकतो. तात्यांनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, जमिनीचं बोलतायत. तात्या म्हणाले, "त्यांना सांग, तुरीत काय हाय? पीक वाऱ्यावर आन भाव देवावर." अज्जांनी हे भाषांतराविना ऐकलं आणि नाकातून आवाज केला. दोघांची तब्येत आता ठीक आहे हे मला कळलं.

दवाखान्यात आई पलंगावर बसली होती, केस दोन वेण्यांत घातलेले, शाळेतल्या मुलीसारखी. बाबा दाराशी उभे होते. त्यांनी आम्हाला चौघांना येताना पाहिलं आणि बाजूला सरायचंही विसरले. अज्जा पलंगापाशी गेले. इतक्या वर्षांनी मुलीला काय म्हणायचं हे त्यांनी ठरवलेलं दिसत नव्हतं. आईनेच त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं. तिने विचारलं, "ऊटा आतेन?" जेवण झालं का? अज्जांनी मान हलवली, नाही. मग तिने तात्यांना मराठीत तेच विचारलं. तात्याही नाही म्हणाले. आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"सतरा वर्षांनी आलात, आणि उपाशी आलात," ती म्हणाली. "आता मी उठून रांधू?"

नर्सने आत येऊन गर्दी कमी करायला सांगेपर्यंत अज्जा तिचा हात धरून बसले होते. ते रडले नाहीत. रडले बाबा, व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून, आणि मग खाली जाऊन सहा माणसांचं जेवण आणलं. आम्ही जेवणारे पाचच होतो. अव्वाच्या पिशवीतून कडक भाकरी निघाल्या. दोन म्हाताऱ्यांनी बाकाच्या दोन टोकांना बसून एकाच कागदातली शेंगाचटणी खाल्ली, ती तेवढी मध्ये ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला आत नेलं. दुपार टळून गेली तरी दार उघडलं नाही. त्या दिवसाचं मला वर्णन करता येत नाही आणि मी ते करणार नाही. डॉक्टर बाहेर आला तेव्हा कोणाशी बोलावं ते त्याला कळेना. बाबा, तात्या आणि अज्जा तिघेही एकदम उभे राहिले होते, आणि तात्यांनी अज्जांचा दंड धरलेला होता. नवी झडप नीट बसली, तो म्हणाला. अज्जांनी मला कानडीत विचारलं, तो काय म्हणाला? डॉक्टर मराठीत बोलला होता. या वेळी ते सोंग नव्हतं. त्यांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

यानंतर दोन्ही घरं गुण्यागोविंदाने नांदू लागली, असं लिहायला हरकत नाही, वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण तात्या आणि अज्जा पुढचे काही महिने एकमेकांशी फक्त पिकांच्या निंदेपुरतं बोलत होते. आईने एक नियम केला, की जो बोलणार नाही त्याला वाढायचं नाही, आणि तो पहिल्या आठवड्यातच दोघांनी मिळून मोडला, जेवणं सोडून नव्हे, तर बाहेर जाऊन भजी खाऊन.

त्याच वर्षी थंडीत वेळ अमावस्येला अज्जांनी आम्हा सगळ्यांना दुधनीच्या शेतात जेवायला बोलावलं. दुधनीकडे त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली पातळ भाजी, बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि माठातली अंबील. आई हळू चालत आली होती, पण चालत आली होती, आणि सगळ्यांच्या ताटात भज्जी वाढत होती. तात्या दोन पोती अंथरून ऐटीत बसले होते. शेजारच्या शेतातला एक म्हातारा अंबील प्यायला आला. तात्यांची माढ्याची टोपी पाहून त्याने अज्जांना कानडीत विचारलं, "यार्री इवरू?" हे कोण?

मी भाषांतराला तोंड उघडलं. तात्यांनी हाताने मला थांबवलं. तोंडातला घास संपवला, आणि त्या म्हाताऱ्याकडे पाहून म्हणाले, "बिगरू."

कानडीत बीगरु म्हणजे व्याही. हा शब्द त्यांनी कुठून मिळवला ते मला आजही माहीत नाही. मी शिकवला नव्हता. आईने हातातला डाव तसाच धरून ठेवला. बाबा ताटात बघू लागले.

अज्जांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला. "बिगरू नाही," ते मराठीत म्हणाले, "बीगरु. बी लांबव."

तात्यांनी बी लांबवली. शेजारच्याने मान डोलावली आणि तो त्यांच्याच पोत्यावर येऊन बसला.